नेस्टरचे पाचशे किलोमीटर

माझ्या बहिणीचा नवरा नेस्टर बारानिक याने जन्मभर शेतीची यंत्रं विकली. गिऱ्हाईक संपलं तेव्हा शेवटचं यंत्र त्याने स्वतःलाच विकलं. विजेवर चालणारा पांढरा पिकअप. एका चार्जिंगमध्ये पाचशे किलोमीटर जातो असं गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापलं होतं आणि छापलेल्या गोष्टीवर नेस्टरचा फार विश्वास. स्वतः असल्याच पुस्तिका वाटत जिल्हाभर हिंडलेल्या माणसाने तरी तो ठेवायला नको होता.

कॅनडातल्या आमच्या कॅनोरा गावात हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेली की सगळी म्हातारी मंडळी सकाळी कॅफेतल्या लांब टेबलाभोवती जमतात. माझा नवरा गेल्यापासून त्याच्या खुर्चीवर मी बसते. पहिल्या दिवशी दोघातिघांनी घसे खाकरले, मग सवय झाली. तिथे गव्हाचे भाव, हॉकी आणि दुसऱ्यांची आजारपणं एवढेच विषय असायचे. गाडी आल्यापासून एकच विषय राहिला, पाचशे किलोमीटर. नेस्टर कोट काढायच्या आधी सुरू व्हायचा. ऐकून ऐकून माझी कॉफी आंबट लागायला लागली.

एकदा मायरनने विचारलं. मायरन आयुष्यात फारसं काही बोललेला नाही, म्हणून तो बोलला की सगळे ऐकतात.

"उन्हाळ्यात जात असेल रे. पण थंडीत किती जातो?"

"थंडी माणसाला वाजते मायरन, विजेला नाही," नेस्टर म्हणाला.

"पुस्तिकेत काय लिहिलंय थंडीबद्दल?"

"काहीच नाही. म्हणजे काही फरकच पडत नसणार."

यावर दोन जणांनी माना डोलावल्या. आमच्या गावात मोठ्या आवाजात बोललेलं सगळं खरं असतं.

आता लेसियाबद्दल सांगते, कारण नेस्टरबद्दल बोलताना तिच्याबद्दल बोलायचं राहूनच जातं, आणि त्याला तेच हवं असतं. लेसिया माझी थोरली बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिचा उजवा गुडघा पार झिजला. वाटीच बदलायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि सास्काटूनच्या हॉस्पिटलच्या रांगेत तिचं नाव घातलं. आमच्याकडे ऑपरेशन फुकट होतं, फक्त रांग सरता सरत नाही. वर्ष उलटून गेलं. तोवर ती तळघराचा जिना बसून उतरायला लागली होती, एकेक पायरी, हातावर भार देत. बटाटे तळघरात, लोणच्याच्या बरण्या तळघरात. वर टेबलापाशी बसलेला नेस्टर ओरडून सांगायचा, "सावकाश ये गं, काही घाई नाही."

शेवटी फोन आला. जानेवारीतली तारीख, दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं. चुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. तारीख नेमकी मलांकाच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे आमच्या युक्रेनी लोकांचं नवं वर्ष उजाडतं त्या जेवणावळीच्या दुसऱ्या दिवसाची.

मी नेस्टरला म्हटलं, "माझा ट्रक घेऊन जाऊ. मी चालवते."

माझा ट्रक नवऱ्याचा आहे, डिझेलवरचा, म्हातारा. सुरू होताना शिव्या घालतो, पण सुरू होतो.

"त्या धुरांड्यातून नेऊ तिला?" नेस्टर हसला. "तीनशे किलोमीटर तर जायचंय. पोचून दोनशे उरतील."

मलांकाच्या जेवणावळीत त्याने हे सगळ्या गावाला सांगितलं. बटाटा भरलेल्या पिरोग्या संपून बँड सुरू व्हायच्या आत पठ्ठ्याने माइक हातात घेतला. उद्या बायकोला ऑपरेशनला नेतोय, बाहेर उणे चौतीस आहे, आणि तेलाचा एक थेंब न जाळता तिला सास्काटूनला पोचवून दाखवतो, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेसिया बशीतल्या कोबीच्या गुंडाळीकडे बघत होती. तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. गुडघा बिचारा भाषणात आलाच नव्हता. जरा वेळाने ती बाहेर हवा घ्यायला जाते म्हणून उठली. उणे चौतीसात कसली हवा घेतेस, असं मी म्हणणार होते, पण तिथे गर्दी आणि गोंगाट एवढा होता की मीही सोडून दिलं.

सकाळी अंधारातच मी ट्रक गरम करून त्यांच्या दारात उभी राहिले. मला सास्काटूनहून इंजिनचा पट्टा आणायचाय, असं सांगितलं. नेस्टरला आनंद झाला. त्याला प्रेक्षक हवाच असतो.

"ये ये व्हर्ना मेहुणीबाई, मागून ये. बघ तरी कशी जाते ती."

"चार्जिंग किती आहे?"

"सत्तर टक्के. थंडीत काटा जरा कमीच दाखवतो. पुरे आहे."

लेसियाला त्याने आईच्या पिसांच्या रजईत गुंडाळून बसवलं होतं. मला वाटलं, काय ही काळजी. ती कशासाठी ते मला पुढे कळलं.

वाटेतल्या वडीना गावापर्यंत तो ऐटीत गेला. मी मागेच राहिले म्हणून मला चिडवायला हॉर्नही वाजवला एकदा. वडीनाच्या पुढे त्याचा वेग उतरला. शंभर, नव्वद, मग ऐंशी. एक धान्याचा लांब ट्रेलर पुढे आला तेव्हा नेस्टर त्याच्या पाठीला चिकटला, वारा लागू नये म्हणून. ट्रेलरचा बर्फ सगळा त्याच्या काचेवर उडत होता. ट्रेलर वळून गेला आणि वॉटसन गावाच्या अलीकडे मला दिसलं की नेस्टर एका हाताने गाडी चालवतोय आणि दुसऱ्या हाताने आतली काच खरवडतोय. आतली. तेव्हा मला रजईचा अर्थ कळला. त्याने हीटर बंद केला होता.

वॉटसनच्या पुढे तो सत्तरवर आला, मागचे पिवळे दिवे लुकलुकवत. मालाचे ट्रक हॉर्न मारत बाजूने जात होते. मी मागून चालले होते, आत उबेला, आणि मला इतका राग आला होता की स्टिअरिंग आवळून आवळून माझा हात दुखायला लागला. त्या पुढच्या गाडीत माझी बहीण बसली होती, दुखऱ्या गुडघ्याने, उपाशीपोटी, कारण ऑपरेशनच्या आधी खायचं नसतं. आणि हा मनुष्य तिच्या वाटची ऊब चाकांना घालत होता.

हंबोल्टला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. गावाच्या तोंडाशीच पेट्रोल पंपाच्या कडेला चार्जिंगचं यंत्र आहे. नेस्टर त्याच्यापर्यंत कसाबसा घसरत गेला. त्याने वायर लावली आणि पडद्यावर आकडे आले. मी खाली उतरून ते वाचले. निघण्याजोगं चार्जिंग व्हायला अडीच तास. पुढे सास्काटून शंभराहून जास्त किलोमीटर.

"अडीच तास," मी म्हटलं.

"ते घाबरवायला लिहितात," नेस्टर म्हणाला. त्याच्या मिशीवर बर्फ होता. "बॅटरी गारठलीय ना, आधी हळू घेते. मग बघ कशी झपाझप घेईल."

"तिला बाराच्या आत हजर व्हायचंय."

"माहितेय मला. नवरा मी आहे."

तेवढ्यात लेसियाने दार उघडलं. रजईतून बाहेर यायला तिला वेळ लागला. तिचे ओठ निळे पडले होते. तिने आधी एक पाय खाली ठेवला, मग हाताने उचलून दुसरा.

"नेस्टर, मी व्हर्नाबरोबर जाते."

"अगं थांब जरा. चाळीस मिनिटांत पुरेसं होईल. गावात सगळ्यांना काय सांगू मी?"

"काय सांगायचं ते सांग. तूही चल. तिघं मावतो पुढे."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणून सांगते. ती रागावली नव्हती. तिने खरोखर जागा देऊ केली होती. गाडी तिथेच वायरीला राहिली असती, संध्याकाळी येऊन घेतली असती. उणे चौतीसात गारठलेली गाडी चोरायला कोण येणार होतं? नेस्टरने यंत्राकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग परत यंत्राकडे.

"गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं," तो म्हणाला.

"थांब मग," लेसिया म्हणाली.

मी तिची बॅग घ्यायला त्याच्या गाडीकडे वळले. कपडे, चपला, डॉक्टरांचे कागद, सगळं त्या बॅगेत असणार.

"तिकडे नाहीये," ती म्हणाली. "तुझ्या सीटमागे बघ."

बॅग माझ्या सीटमागे होती. रात्री जेवणावळीतून हवा घ्यायला उठली होती ना, तेव्हा आपल्या गाडीतली बॅग काढून माझ्या ट्रकमध्ये ठेवून आली होती. आमच्याकडे कुणी गाडीला कुलूप लावत नाही. सकाळी बॅग कुठेय असं नवऱ्याने विचारलंच नाही, कारण बॅग हे काही चार्जिंग नव्हे.

मी गाडी हायवेला लावली, हीटर पूर्ण सोडला. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "आणि मी आलेच नसते तर?"

"तू कधी आली नाहीस असं झालंय का?" ती म्हणाली आणि हातमोजे काढून बोटं हीटरच्या तोंडाशी धरली.

मग सकाळी चार्जिंग सत्तरच टक्के का होतं, ते तिने मला सांगितलं. हिवाळ्यात आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबत असते. रात्री ती अंगणातल्या खांबाच्या प्लगला लावायची, म्हणजे इंजिन गोठत नाही. वीज वाचावी म्हणून चिकट माणसं त्या खांबावर घड्याळाचं बटण बसवतात. ते पहाटे आपोआप चालू होतं आणि उजाडायच्या सुमारास बंद होतं. नेस्टरने ते गावात सगळ्यांच्या आधी बसवलं होतं आणि त्याचंही कौतुक आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं होतं. विजेच्या गाडीसाठी घरात जाड वायर आणि वेगळा प्लग बसवायला हवा, असं वायरमनने सांगितलं. नेस्टरने त्याला हाकलून दिलं. जन्मभर गाड्यांना वायर लावतोय, मला शिकवतो, म्हणाला. आणि नवी गाडी त्याच जुन्या खांबाला लावली. बटण तसंच होतं. रोज रात्रभर गाडी उपाशी राहायची आणि पहाटे दोन घास खायची. गावात चकरा मारण्यापुरतं ते पुरत होतं.

"मी सांगितलं त्याला," लेसिया म्हणाली. "म्हटलं, ते बटण अजून आहे ना तिथे? तर म्हणाला, विजेच्या गोष्टीत तू पडू नकोस."

"मग परत का नाही सांगितलंस?"

"बॅग भरली," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिला हसू आलं. "वाटेत काच धुरकट व्हायला लागली, तर मला म्हणतो, जरा बेताने श्वास घे."

मला हसू आलं नाही. मला गाडी वळवून परत जावंसं वाटलं आणि त्याच्या मिशीचा बर्फ हाताने उपटावासा वाटला. पण घड्याळ पुढे चाललं होतं. बाराला थोडा अवकाश असताना आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं तेव्हा तिने मागे वळून हात हलवला, आणि मी पार्किंगमध्ये जाऊन ट्रकमध्ये बसून रडले. आनंदाने नाही, संतापाने.

नेस्टर दिवस मावळताना आला. ऑपरेशन होऊन ती गुंगीत पडली होती, तोंड कोरडं, पायाला ही एवढी पट्टी. त्याने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "हंबोल्टपासून काय चालली गं गाडी! हीटर लावून आलो, तरी वीस टक्के उरले." लेसियाने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

मे महिन्यापर्यंत त्याची कथा तयार झाली होती. आता ती अशी होती: उणे चौतीसात बायकोला ऑपरेशनला नेलं, विजेवर, आणि वाटेत एकदाच थांबलो. यातला एकेक शब्द खरा आहे, हेच माझं दुखणं. विकणाऱ्या माणसाची जीभ, ती खोटं बोलत नाही, फक्त बॅग कुठेय ते सांगत नाही. टेबलाभोवतीची मंडळी माना डोलावत होती. त्यांच्यातल्या अर्ध्यांना खरी हकीकत माहीत होती, मीच सांगितली होती. तरी डोलावत होती, कारण उद्या त्यांनाही काही सांगायचं असणार.

मेमधल्या एका सकाळी कॅफेत नेस्टर "एकदाच थांबलो" म्हणाला आणि दार उघडून लेसिया आत आली. चर्चमधली साफसफाई आटोपून आली होती, हातात काठी नव्हती. मायरनने उठून तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. तिने फक्त एक पाव मागितला, घरचा संपला होता.

"चल, सोडतो तुला," नेस्टर म्हणाला. "गाडी बाहेरच आहे. नव्वद टक्के आहे."

"नको. चालत जाते."

"अगं, पार गावाच्या टोकाला आहे घर."

"तेवढा जातो माझा गुडघा," ती म्हणाली. "थंडीतही जाईल."

मायरन कपात बघायला लागला. नेस्टरने गाडीची किल्ली परत खिशात घातली. लेसियाने पाव काखेला मारला आणि त्या पांढऱ्या गाडीला वळसा घालून रस्त्याला लागली. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. वळणापर्यंत ती कुठेच थांबली नाही.