नामदेवचा जड हात

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, माझ्या दुकानासमोर, एका जुन्या मोटारसायकलीच्या भावावरून गिऱ्हाइकाशी भांडत होतो. पलीकडून त्याचा मुलगा प्रवीण म्हणाला, “काका, बाबा गेले.” माझ्या तोंडून आधी शिवी निघाली. महिना उलटून गेला, ती मी मागे घेतलेली नाही. गेलेल्याबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात... मग ते दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचं होतं.

आम्ही दोघं अकोल्याच्या एकाच फुटपाथवरून वर आलो. मी पंक्चर काढायचो, शेजारी झाडाला आरसा टांगून तो दाढ्या करायचा. पुढे त्याचं कटिंगचं दुकान झालं आणि त्याची चंपी गावभर गाजली. मान मोडतो की काय असं वाटायचं, पण माणूस खुर्चीतून हलका होऊन उठायचा. “ज्या हातात जोर नाही तो हात कायचा?” हे त्याचं ब्रीद. जन्मभर उभं राहून डावा पाय सुजायला लागला. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, बोट दाबलं की खड्डा राहायचा. शिरांमधलं रक्त नीट वर चढत नाही, डॉक्टर म्हणाले. अमरावतीत लिम्फॅटिक ड्रेनेज, म्हणजे हलक्या हातानं सूज उतरवायचं मालिश, करणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट मॅडम मीच शोधल्या, वेळ मीच ठरवून घेतली, आणि बसस्टँडवर त्याला आणायला मीच जायचो.

मॅडमनी सुरुवात मानेपासून केली. मग पोट, मांडी, शेवटी पाय. दाबणं नाहीच, नुसती कातडी हलकेच सरकवायची. “साचलेलं पाणी ज्या वाटांनी जातं त्या अगदी नाजूक असतात,” त्या म्हणाल्या. “आधी वरची वाट मोकळी करायची, मग खालचं पाणी वर सरकतं. आणि एक लक्षात ठेवा काका, पोटरी अचानक गरम होऊन दुखायला लागली तर हातच लावायचा नाही. माझ्याकडेही यायचं नाही, सरळ दवाखान्यात.” नामदेवनं मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाला, “पाय सुजला अन् बाई मान कुरवाळून राहिली! मांजर तरी याच्याहून जोरात चाटते बे.”

पण पाय उतरला. बोटांपासून गुडघ्यापर्यंत बांधलेल्या पट्ट्यांनी आणि त्या हलक्या हातानं उतरला. चप्पल पुन्हा नीट बसायला लागली. मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तर जास्त जळतं.

पुढच्या वेळी अकोल्यात दाढीला बसलो, तर बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं, “काय शेठ, त्या बाईकडून हवा विकत घेतली म्हणते तुमी?” सगळे हसले. आरशात नामदेवही हसत होता. मला आजवर कोणी फसवलेलं नाही, आणि हा स्वतःच्या दुकानात माझी टर उडवत होता.

“पाय उतरला ना तुझा?” मी ओरडलो.

“माह्या हातानं उतरला. तुह्या बाईचं अर्धवट काम मी घरी पुरं करतो.”

मला वाटलं, नेहमीसारखं फेकतोय. अर्धा चेहरा साबणात तसाच मी उठून गेलो. पुन्हा बोललो नाही.

तेरवीच्या दिवशी वहिनींनी सांगितलं. अमरावतीहून आला की तो पट्ट्या सोडायचा, कोमट तेल घ्यायचा आणि गुडघ्यापासून खाली, अंगठ्यांनी, चंपीच्या जोरात पाय रगडायचा. गेला त्या दिवशी सकाळी पोटरी तापली होती, दगडासारखी झाली होती. वहिनी म्हणाल्या, “दवाखान्यात चला.” तो म्हणाला, “नस चढली हाय, दाबतो म्हणजे उतरते.” दाबली. दुकानात जाऊन पहिल्याच दाढीला श्वास अडकला. पायातली गुठळी फुफ्फुसात गेली. दाबल्यामुळेच गेली का, हे डॉक्टरांना सांगता येत नाही.

मला येतं.

तेरवीत जो तो म्हणत होता, “काय हात होता राजेहो!” मी न जेवता निघालो.

निघालो, पण पाय दुकानाकडेच वळले. प्रवीण एकटाच आत बसला होता. मी त्या खुर्चीत बसलो आणि खाली पाहिलं. पाय ठेवायचा लोखंडी दांडा मॅडमच्या पट्ट्यांनी गुंडाळलेला, घट्ट, नीट, एकावर एक. गिऱ्हाइकाच्या टाचेला लोखंड रुतू नये म्हणून. दुसऱ्यांच्या पायांची काळजी होती त्याला... नालायक.

“काका, चंपी करू?”

“नको.”

पण सवयीनं त्याची बोटं डोक्यावर पडलीच. तोच जोर, तेच अंगठे, मानेच्या त्याच खाचेत. हात झटकून टाकावा म्हणून मी मुठी आवळल्या. मान मात्र आपोआप पुढे झुकली.