बोटसुद्धा न लावलेला माणूस

समोर काही काम आलं की भाऊसाहेब दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात सगळे अक्षता टाकायचे, हे मूठ मिटून उभे राहायचे आणि नंतर त्या अक्षता खिशात सोडायचे. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "एखादी कुणाच्या डोळ्यात गेली म्हणजे? वहिनी, आपल्याकडून काही झालं नाही म्हणजे झालं."

बेलापूरला आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. ते सरकारी कचेरीतून आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सगळ्या नोकरीत आपल्याला एक मेमो मिळाला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. मी तेव्हा तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक होते. दिवसभर मारामाऱ्या टाइप करून घरी आलं की असा निरुपद्रवी शेजारी बरा वाटायचा.

एका पावसाळ्यात विजेची तार तुटून गल्लीतल्या डबक्यात पडली. भाऊसाहेबांनी ती सकाळीच पाहिली, दुधाची पिशवी घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. तासाभराने समोरच्या चाचांची शेळी तिथे तडफडून मेली. चाचा जाब विचारायला गेले, तर यांनी शांतपणे विचारलं, "तार मी तोडली का?" तोडली नव्हतीच. चाचा शेळी ओढत घेऊन गेले. आम्ही सगळे आपापल्या घरात गेलो.

मग त्यांची थोरली बहीण आली. आक्का पाथर्डीकडच्या एका खेड्यात अंगणवाडी चालवायच्या. विधवा, बोलक्या, आवाज असा की चार घरांपलीकडे ऐकू जाई. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि जीभही जड झाली. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांचा सासरकडचा पुतण्या त्यांना भावाला भेटवायला म्हणून घेऊन आला. तो दरसाल ऊसतोडीला जाणारा. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं.

"काकूला आमी परत नेतो," तो म्हणाला. "मी कारखान्यावर गेलो तरी घरी आई हाय. ती बघंल."

भाऊसाहेबांना ते लागलं. सख्खा भाऊ असताना बहीण पाचटाच्या कोपीत राहणाऱ्यांच्या घरी का जाईल, असं काहीसं ते बोलले. मग म्हणाले, "मी बघीन तिचं. तुम्ही निश्चिंत जा."

पुतण्या पाया पडून गेला.

पहिला महिनाभर अंघोळ घालायला एक बाई येत होती. तिच्यामुळे घरभर ओलं होतं म्हणून तिला बंद केलं. मी दोनदा पेज नेली. भाऊसाहेबांनी वाटी दारातच घेतली आणि दुसऱ्या दिवशी लख्ख घासून परत दिली. डॉक्टरांना दाखवलंत का, असं विचारलं, तर "बघू" म्हणाले. मग त्यांच्या खिडकीतून उदबत्तीचा वास यायला लागला, सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि त्याखालून दुसरा एक वास. दुपारी भिंतीवर भांडं आपटल्यासारखा आवाज यायचा. ठक, ठक, मध्ये थांबून पुन्हा ठक. मी ऐकायचे. काय असेल ते मला कळत नव्हतं असं म्हटलं, तर ते खोटं ठरेल.

तो आवाज बंद झाला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब रोजच्यासारखे वाचनालयात पेपर वाचायला गेले तेव्हा मी जाऊन त्यांच्या दाराची बाहेरची कडी काढली.

बाहेरची खोली आरशासारखी होती. आतल्या खोलीत आक्का होत्या. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि जखमांत अळ्या होत्या. लुगडं अंगाला चिकटलं होतं. स्टीलचा पेला खाटेखाली पडलेला, हात पोचणार नाही असा. मी १०८ ला फोन केला आणि चमच्याने पाणी पाजलं. त्या चमचा दातांत धरून ठेवत होत्या, सोडतच नव्हत्या.

दवाखान्यात चौथ्या दिवशी त्या वारल्या. डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हा पोटात अन्नच नव्हतं.

फौजदार बाई तरुण होती. भाऊसाहेबांनी तिला सगळं खरं सांगितलं, न घाबरता. शेजारची पेज मोरीत ओतली. खाल्लं की अंथरूण घाण करायची, पाणी प्यायली की ओलं करायची, म्हणून कमी केलं. "पण मी तिला बोटसुद्धा लावलं नाही."

"तेच लिहितेय," ती म्हणाली.

खटला उभा राहिला. त्यांच्या वकिलांनी मला विचारलं, आरोपीला मारताना पाहिलंत? नाही. शिवी देताना ऐकलंत? नाही. मग गुन्ह्याची कृती कोणती? आणि आवाज ऐकूनही तुम्ही गेला नाहीत, मग तुम्हीही आरोपी का नाही?

सरकारी वकील उठले. शेजाऱ्याची लाज ही शेजाऱ्याकडेच राहते, कायदा तिला हात घालत नाही, असं ते म्हणाले. आरोपीने मात्र बहिणीला नेणाऱ्याला परत पाठवलं, "मी बघीन" म्हणून जबाबदारी घेतली आणि बाहेरून कडी लावली. अशाने काही न करणं हीच कृती होते. कायद्यात त्याला 'अवैध अकृती' म्हणतात; हा शब्द मी नोकरीत शेकडो वेळा टाइप केला होता. त्याला वास असतो हे ठाऊक नव्हतं.

पुतण्या कोर्टाच्या ओट्यावर बसून होता. मी जवळ गेले, तर वर न बघता म्हणाला, "तुमी हुता ना बाई शेजारी. म्हणून बी मी गेलो." मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

शिक्षा झाली. भाऊसाहेबांचा चेहरा खरोखर चकित होता. त्यांना दुःख वाटत नव्हतं, पश्चात्तापही नव्हता. एखाद्या कागदावर चुकीचा शिक्का पडावा तसे ते न्यायाधीशांकडे बघत होते. त्यांना आदराने 'ते' म्हणायची माझी जुनी सवय मोडत नाही, एवढंच. एरवी त्या चेहऱ्याची मला किळस आली.

पोलिसांच्या गाडीत चढताना त्यांनी मला पाहिलं आणि नेहमीच्या सौम्य आवाजात म्हणाले, "वहिनी, घराकडे जरा बघाल ना?"

शेजारी राहून इतक्या वर्षांत जिभेवर बसलेलं "हो" तोंडात आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी बघणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगा."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी. मग शिपायाने दार लावलं.