टिवल्याबावल्यांचं पान

रशीदच्या गाडीतली पुढची सीट हेंक साहेबांची, हे ओमानातल्या सोहार बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे साहेब मागे बसतात, फोनवर बोलतात आणि ड्रायव्हरचा चेहरा त्यांना नीट आठवतही नाही. हेंक साहेबांसाठी रशीदने पहिल्या दिवशी मागचं दार उघडून धरलं, तर ते हसले आणि वळसा घालून पुढे येऊन बसले. हॉलंडचा हा सव्वासहा फुटी इंजिनिअर. गुडघे डॅशबोर्डला टेकायचे, पण नऊ वर्षांत त्यांनी जागा बदलली नव्हती.

रशीद मूळचा हर्णैचा. शाळा आठवीपर्यंत, ओमानात बावीस वर्षं, आणि इंग्रजी रस्त्यावर वेचलेलं. साहेबांना नाद होता शब्दांचा. त्यातही खेळकर, गमतीच्या शब्दांचा. "तू मला बॉस म्हणतोस ना, तो शब्द मुळात आमचा. आमच्याकडे 'बास' म्हणजे मालक. इंग्रजीने तो उचलला." बागडण्याला इंग्रजीत 'फ्रॉलिक' म्हणतात, तोही डचांच्या 'आनंदी' या शब्दावरून आलेला. आणि 'स्नूप'! डच भाषेत त्याचा मूळ अर्थ चोरून गोडधोड खाणं. इंग्रजीत गेल्यावर चोरून दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं असा झाला. ते ऐकून रशीद एवढा हसला की सहम गावाचं वळण चुकलं. फार बोलणाऱ्याला डच लोक 'क्लेट्सकाउस' म्हणतात, म्हणजे बडबडणारा मोजा. तेव्हापासून साहेब रशीदला मोजा म्हणू लागले आणि रशीद ते कामगारांच्या कॅम्पात कौतुकाने सांगू लागला.

बदल्यात रशीद त्यांना आपले शब्द द्यायचा. लुडबुड, चुळबुळ, गडबडगुंडा. साहेब ते आपल्या लिपीत जाड वहीत उतरवायचे, एका शब्दाला एक पान. खाली शब्दाचं मूळ. मूळ सापडलं नाही तर 'माहीत नाही' असं ठळक लिहायचे. "'बॅम्बूझल' म्हणजे फसवणं. कुठून आला हा शब्द, कुणालाच नक्की सांगता येत नाही. मग तसंच लिहायचं," ते म्हणाले होते. "शब्दांच्या बाबतीत थापा मारणारा माणूस मला सहन होत नाही, रशीद."

मग प्रियांका आली. पुण्याची, तिशीची, ऑफिसची कागदपत्रं सांभाळायला. राहायला साहेबांच्याच कॉलनीत, म्हणून कंपनीने तिलाही रशीदच्या गाडीत बसवलं. तिने पुण्यात जर्मन शिकलेलं. डच म्हणजे त्याची चुलत बहीण, असं ती म्हणाली आणि साहेबांची कळी खुलली. तीन दिवस साहेब मान वळवून तिच्याशी बोलत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "मान दुखते रे," आणि मागे जाऊन बसले.

बस्स. पुढची सीट रिकामी. रशीदने तिच्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला, पण डब्याला काय शब्द कळतात?

मागे हशा पिकायचा. रशीदला निम्मं कळायचं, निम्मं कळायचं नाही, आणि जे कळायचं नाही ते जास्त झोंबायचं. कालची आलेली पोरगी, आणि हिच्यासाठी आपल्याला वाऱ्यावर सोडलं! तो ब्रेक जरा जोरात मारू लागला. प्रियांका "रशीदभाई, चहा घ्यायचा का?" म्हणाली की त्याला चहाची टपरी दिसायचीच नाही. रत्नागिरीला असलेली नूरबानू, त्याची बायको, फोनवर सगळं ऐकून घ्यायची.

"ती पोर आपल्या लेकीच्या, झरीनच्या वयाची," ती एकदा वैतागून म्हणाली. "तिच्यावर काय जलता?"

"जलतो कोण? मी आपला सांगतो."

"रोज तेच सांगता."

एके दुपारी साहेब मीटिंगला गेले आणि वही गाडीत राहिली. रशीदने ती उघडली. आपण करतोय त्याला 'स्नूप' म्हणतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण यात गोड काही नव्हतं. पानापानावर प्रियांकाचं अक्षर. सुबक, गोल, टपोरं. त्याच्या लुडबुडीवर, त्याच्या गडबडगुंड्यावरसुद्धा तिचं अक्षर चढून बसलेलं. काय लिहिलंय ते त्याने रागात वाचलंच नाही. शेवटच्या पानावर 'टिवल्याबावल्या' एवढाच शब्द होता आणि खाली कोरं. हा शब्द रशीदनेच दिला होता. काम सोडून खेळत बसलं की त्याची आई हाच शब्द वापरून पाठीत धपाटा घालायची.

संध्याकाळी गाडी हलल्या हलल्या तो आरशात बघून म्हणाला, "साहेब, टिवल्याबावल्यांचं मूळ मला माहीत आहे. आमच्या हर्णैला टिवल्या आणि बावल्या असे दोन भाऊ होते. होडी घेऊन जायचे आणि मासे सोडून दिवसभर पाण्यात खेळायचे. त्यांच्यावरून पडला शब्द."

अशी तद्दन थाप त्याने जन्मात मारली नव्हती. साहेब मात्र हरखले. "वा रे मोजा! इतके दिवस कुठे लपवलं होतंस?" आणि मग तिच्याकडे वळून, "खरं का गं?"

आरशात प्रियांकाची नजर त्याच्या नजरेला भिडली. तिला कळलं होतं, शंभर टक्के कळलं होतं.

"पुण्यात मी ऐकलं नाही कधी," ती म्हणाली. "शब्द रशीदभाईंचा आहे. त्यांनाच माहीत."

रागावून खोटं पाडलं असतं तर बरं, असं रशीदला वाटलं. हे असं सांभाळून घेणं त्याला जास्त लागलं.

दोन महिन्यांनी साहेब निवृत्त झाले. वहीचं पुस्तक होणार होतं, नातवंडांसाठी, मित्रांसाठी. शेवटच्या दिवशी मस्कतच्या विमानतळावर सोडायला एकटा रशीदच होता, आणि साहेब पुढे बसले. गुडघे डॅशबोर्डला, मांडीवर वही. इतके दिवस ज्यासाठी जीव तुटत होता ते त्याला दोन तास मिळालं होतं. खाबूरा गेलं, सुवैक गेलं. साहेब आनंदात होते, रशीद मात्र मनात हिशेब करत होता. बोललो तर हे दोन तासही नासणार. नाही बोललो तर दोन खोटे भाऊ हॉलंडात जाऊन आपल्या नावाने कायमचे राहणार, आणि साहेब ते नातवंडांना खरं म्हणून सांगणार.

बरका आल्यावर त्याने गाडी कडेला घेतली.

"साहेब, ते दोन भाऊ कधी नव्हतेच. मी बनवले. तुम्ही मागे बसायला लागलात म्हणून बनवले."

साहेबांनी वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. टिवल्याबावल्यांचं पान. वर शब्द, त्याखाली 'शब्द देणारे: रशीद', आणि खाली अजून कोरंच. मागची पानंही त्यांनी उलटून दाखवली. लुडबुड, चुळबुळ, प्रत्येक पानावर तीच ओळ, तिच्या त्या सुबक अक्षरात.

"मला मराठी नीट लिहिता येत नाही. तू गाडी चालवतोस. मग कुणाकडून लिहून घेणार?" साहेब म्हणाले. "हे पान तिने भरू दिलं नाही. म्हणाली, थांबा, रशीदभाई स्वतः सांगतील."

रशीदला आधी रडू आलं आणि मग राग आला. माणूस म्हणून जरा मोठं व्हावं म्हटलं, तर तिथेही ही बया आधीच जाऊन बसलेली!

साहेबांनी पेन पुढे केलं. गाड्या शेजारून सणसणत जात होत्या. स्टिअरिंगवर वही टेकवून रशीदने सावकाश लिहिलं: 'माहीत नाही.' ओळ थोडी वर चढली, 'ही'ची वेलांटी वेडीवाकडी आली. ते तिच्या अक्षराखाली होतं आणि फार वाईट दिसत होतं, हे त्याला तेव्हाही सलल्यावाचून राहिलं नाही.