आप्पांचा एकच प्रश्न

माझ्या मित्राच्या वडिलांच्या मते या जगात बिनकोट्याचा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. नवीन माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात; आप्पा विचारतात, "कॉलेजात कुठल्या कोट्यातून?" तेही खणखणीत आवाजात, कारण शिवडीच्या गोदामात मालाच्या नोंदी घेण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तपासायला आलेल्या मोठ्या सर्जनलाही त्यांनी हेच विचारलं. "ओपन. प्युअर मेरिट," सर्जन जरा ताठ होऊन म्हणाले. "बरं. वडील काय करायचे?" "डॉक्टर." "आई?" "तीही डॉक्टर." "अभ्यासाला वेगळी खोली?" "होती." "मग ओपन कसलं? तीन-तीन कोटे झाले की तुमचे! आईचा, बापाचा आणि खोलीचा." मी आणि माझा मित्र भिंतीकडे बघत राहिलो. एवढं बोलून हा माणूस उद्या त्याच सर्जनच्या हाती गुडघा देणार होता. पण सर्जन दिलदार निघाले. ते मनापासून हसले आणि गुडघाही चांगला बसवून दिला.

हा विनोद नाही, हे आप्पांचं तत्त्वज्ञान आहे. पहाटे पाचला उठवून अभ्यासाला बसवणारी आई हा कोटा, महागडा क्लास हा कोटा, घरात इंग्रजी पेपर येणं हासुद्धा कोटा. फक्त त्यांचे दाखले निघत नाहीत, एवढाच काय तो फरक. आणि म्हणूनच ज्यांचे दाखले निघतात त्यांनी ते वेळेवर काढावेत, याबद्दल त्यांचा भयंकर कटाक्ष. गोदामाला चार गेटं होती, प्रत्येकावर नंबर होता आणि ज्या गेटचा कागद त्या गेटनेच माल आत जायचा. "चारही गेटं सरळच रे," ते मला समजावत, "भिंतीवरून टाकतो तो चोर." एकदा त्यांच्या नायगावच्या चाळीत एक इसम आला आणि एका मोठ्या कॉलेजात 'आतून' काम करून देतो म्हणू लागला. पोरांचे आईबाप त्याच्याभोवती जमले. आप्पांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "हा नियम कुठल्या नोटीस बोर्डावर लावलाय तेवढं दाखवा. चला, मी चष्मा घेतलाय." तो इसम पाणी अर्धं टाकून गेला, तो पुन्हा काही फिरकला नाही.

चाळीत कुणाकडे बाळ झालं की बाकीचे लोक बाळ कुणावर गेलंय ते बघत. आप्पा जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग बघत. बारशाच्या गर्दीत बाळाच्या बापाला कोपऱ्यात घेऊन "आडनावात एक ए जास्त पडलाय, आत्ताच दुरुस्त कर, पंधरा वर्षांनी रडशील" असं सांगणारा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही. दाखल्याला हात लावण्यापूर्वी ते हात धूत. दहावीचा निकाल लागला की त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीबाहेर पोरांची रांग लागे आणि आत आप्पा एकेक फॉर्म असा भरत की जणू तो त्यांच्या स्वतःच्याच प्रवेशाचा आहे. सैनिकाचा मुलगा, धरणात जमीन गेलेल्याची मुलगी, एका कानाने कमी ऐकू येणारा, तबला वाजवणारा, प्रत्येकासाठी कुठल्या दारावर कुठली पाटी आहे हे त्यांना तोंडपाठ. काकू चहा करून करून कावत. म्हणत, "ह्यांना स्वर्गात सोडलं ना, तरी दारात बसून लोकांचे फॉर्म भरतील."

या रांगेत मीही होतो, नव्हे, मला ओढून उभं केलं होतं. माझं घर दादरला. वडील बँकेत, आई शाळेत, मला स्वतंत्र टेबल, डोक्यावर दिवा. आणि एवढ्या सगळ्या कोट्यांवर मी दहावीला बासष्ट टक्के मिळवले होते. माझ्या मित्राने त्या दहा बाय बारात, पाच माणसांत, ऐंशी मिळवले. आम्हा दोघांना चर्नी रोडजवळच्या एकाच नावाजलेल्या कॉलेजात जायचं होतं. त्याचं ठीक होतं. माझं म्हणजे आनंदच. पण त्या चाळीच्या कॅरमवर माझी अर्धी हयात गेली होती आणि एकदा मी जिल्ह्यापर्यंत पोचलो होतो, हे आप्पांच्या लक्षात होतं. "सर्टिफिकेट कुठाय?" ते आमच्या आईने लाडवाच्या डब्याच्या तळाशी घातलेलं निघालं. त्यावरचा तुपाचा डाग आप्पांनी टाल्कम पावडर लावून, रात्रभर वजनाखाली ठेवून उतरवला आणि मी खेळाडू म्हणून त्या कॉलेजात दाखल झालो.

मला वाटलं, संपलं. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच सोमवारी सकाळी साडेसहाला आमच्या दारात आप्पा, हातात जेवणाचा डबा. गोदामात जायच्या आधी वाट वाकडी करून आले होते. "सीट खेळाची घेतलीस ना? मग खेळ. चल, प्रॅक्टिस." दोन वर्षं त्या माणसाने मला झोपू दिलं नाही. दोन्ही वर्षी मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. त्याबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. हरणं त्यांना चालायचं, गैरहजर राहणं नाही.

आता चाळीच्या जागी टॉवर उभा राहिलाय. आप्पा चौदाव्या मजल्यावर राहतात आणि फॉर्म मोबाइलवर भरले जातात, त्यामुळे रांग संपली. तरी यंदा आप्पा जानेवारीपासून खुशीत होते, कारण नात दहावीला होती. माझ्या मित्राची ही एकुलती एक मुलगी. तिला एक्क्याण्णव टक्के पडले. कॉलेज तेच हवं होतं, बापाचं. आप्पांनी हात धुतले, कपाटातून तिचा नवबौद्ध असल्याचा दाखला काढला, आणि नात म्हणाली, "आप्पा, फॉर्म मी भरलाय. ओपनमधून. कॅटेगरी टाकली नाही."

शाळेत कुणीतरी तिला म्हटलं होतं, "तुला काय टेन्शन? तुमचं कमी मार्कांतही होतं." बस, तेवढंच. पहिली यादी लागली. त्या कॉलेजची ओपनची यादी तिच्यापासून थोडक्यात वर थांबली. दाखल्यावर तिचं नाव सहज लागलं असतं. अर्ज दुरुस्त करायला दोन दिवस होते. आप्पांनी न बोलण्याचा पण केला होता, पण ती दाखल्याची फाइल सकाळी टीव्हीसमोर दिसायची, दुपारी जेवणाच्या टेबलावर, संध्याकाळी नातीच्या चहाच्या कपाखाली. दुसऱ्या दिवशी माझ्या मित्राने मला फोन केला. "तू ये. माझं ती ऐकत नाही, आप्पांना बोलायचं नाही, आई तर विहारातही गेली नाही, नुसती गॅलरीत बसलीय."

मी गेलो. खेळाचा कोटा, माझं उदाहरण, वगैरे सांगायची तयारी करूनच गेलो होतो. मुलगी सोफ्यावर मोबाइल घेऊन बसली होती, समोर आप्पा आणि माझा मित्र. मी सुरुवात करायच्या आत तिनेच विचारलं, "काका, तुम्हाला दहावीला किती होते?"

"बासष्ट."

"आणि बाबांना?"

"ऐंशी."

"मग वर्गात कोट्यातला म्हणून कोणाला चिडवायचे?"

माझ्या सगळ्या तयारीवर पाणी पडलं. मला सगळे 'चॅम्पियन' म्हणायचे. पहिल्या फेरीत हरणारा चॅम्पियन. आणि मागच्या बाकावर बसणाऱ्या, माझ्यापेक्षा अठरा टक्के जास्त असलेल्या माझ्या मित्राला... "तुझ्या बाबांना," मी म्हणालो.

"तेव्हा तुम्ही काय बोललात?"

"काही नाही."

खरंच काही बोललो नव्हतो. हसलोही नव्हतो, पण ते काही मोठं पुण्य नव्हे. माझा मित्र उठून उगाचच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. इतक्या वर्षांत आम्ही दोघं हा विषय कधी बोललो नव्हतो. मला इतकी लाज वाटली की मी आप्पांकडे बघू शकलो नाही.

मुलीने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे बोलणारे बोलणार, ऐकणारे गप्प बसणार, आणि सीट सोडायची मी? हे बरंय!" तिने मोबाइल उघडला. "आप्पा, तो दाखला द्या. चहाचा डाग पडला नाही ना?"

आप्पा हात धुवायला धावले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस इतक्या जोरात धावताना मी पाहिला नव्हता. दाखल्याचा फोटो काढून अर्ज दुरुस्त करायला तिला चार मिनिटं लागली. आप्पा शेजारी उभं राहून नुसते बघत होते. त्यांच्या हाताला काहीच काम उरलं नव्हतं.

दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं. माझ्या मित्राला ऑफिसातून सुटी मिळेना, म्हणून प्रवेशाला तिच्याबरोबर आप्पा आणि मी गेलो. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. कागद क्रमाने लावलेले बघून काउंटरवरचे क्लार्क म्हणाले, "आजोबा, असे कागद हल्ली कोणी आणत नाही हो." आप्पांचा चेहरा असा उजळला की नातीचा प्रवेश बाजूला राहावा. पालकाची सही त्यांनीच केली, पूर्ण नावाची, मराठीत, एकेक अक्षर सुटं. मागची रांग चुळबुळायला लागली, तरी त्यांनी घाई केली नाही.

मुलगी ओळखपत्राचा फोटो काढायला गेली आणि आम्ही दोघं आवारातल्या कठड्यावर बसलो. आप्पा वर, दगडी कमानींकडे बघत होते.

"तुझ्या मित्राच्या ॲडमिशनला मी आलो होतो," ते एकदम म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "फाटकापर्यंत. वॉचमन म्हणाला, जा की आत, पालक चालतात. मीच नाही गेलो. अंगावर गोदामाचे कपडे होते. म्हटलं, माझ्यावरून पोराला कोणी ओळखायला नको."

जगाला भर सभेत कोटा विचारणारा हा माणूस. तेवढ्यात मुलगी परत आली. "आप्पा, चला, वर्ग दाखवते. तिसऱ्या मजल्यावर आहे, जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" आप्पा म्हणाले आणि कठड्याला धरून उठले.

ती त्यांचा हात धरून एकेक पायरी चढू लागली. समोरून उतरणाऱ्या पोरांना ती सांगत होती, "जरा बाजूला, माझे आजोबा आहेत." मी खालीच बसून राहिलो. खूप बरं वाटत होतं, आणि आत कुठेतरी टोचतही होतं. दोन वर्षं मी रोज याच जिन्याने वर गेलो होतो, आणि "आप्पा, एकदा आत या" असं म्हणणं मला एकदाही सुचलं नव्हतं.