आंबोणात ओतलेला शिरखुर्मा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, सांभाळून घ्या.

दुधात खारका उकळल्याचा वास आला की मला अजून मळमळतं. बहात्तर साली तिसगावात ईदला शेजारच्या शकीलाचाचींनी शिरखुर्म्याचं पातेलं आणून दिलं.

"लई झ्याक वास सुटलाय, भाबी!" चुलता हसून म्हणाला. त्यांची पाठ वळताच त्याने सगळं म्हशीच्या आंबोणात ओतलं. "त्यांच्या हातचं आपल्याला चालतं व्हय रं?"

पेंडीत तरंगणारे काजू, वर घोंगावणाऱ्या माश्या आणि चुलत्याच्या तोंडावरचं तेच हसू. मला तिथंच उलटी झाली.

पुढच्या ईदपासून चाचींकडून शेवया, साखर, खारकांचा कोरडा शिधा येऊ लागला. आई रांधायची, चुलता वाटी चाटूनपुसून खायचा.

परवा चाचींचा मुलगा नगरात भेटला. म्हणाला, "त्या दिशी अम्मी पातेलं न्यायला माघारी आल्ती. समदं बघितलं तिनं."