कूट हाय का?

हिंगोलीत शिकायला आलेल्या पोरांचे त्या काळी जेवढे डबे उघडले गेले, त्यातल्या निम्म्यांचा पहिला वास माझ्या रूमपार्टनरने घेतला असेल. नव्वदनंतरची ती वर्षं. आम्हा खेड्यातल्या पोरांचे डबे सकाळच्या एसटीने यायचे; माझा डोंगरकड्याहून, त्याचा शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरून. स्टँडवरून आणून ते खोलीत एकत्र उघडायचे आणि कुणी कुणाचंही खायचं, असा रिवाज होता. पण गड्याला शेंगदाणा बाधायचा. दाणा पोटात गेला की ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. अ‍ॅलर्जी हा शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता, म्हणून आम्ही त्याला नखरे म्हणायचो. तो प्रत्येक डब्यावर वाकून, डोळे मिटून वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. तो कधी चुकला नाही. एकादशीला आम्ही उपासाच्या नावाखाली साबुदाण्याची परात फस्त करायचो आणि उपास न धरलेला हा एकटा खरा उपाशी राहायचा. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी तो आचाऱ्याची अशी उलटतपासणी घ्यायचा की एकदा आचाऱ्याने त्याला नवरदेवाचा मामा समजून खुर्ची आणून दिली. तो बसलाही.

दिवाळी झाली की त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि होळीपर्यंत त्याचा डबा बंद. मग तो आमच्यातली भाकरी मिठाशी खायचा, तीही अर्धीच. आग्रह केला तर पोट भरलंय म्हणायचा. एका माघात जत्रेसाठी त्याला खोलीवर सोडून आम्ही सगळे दोन दिवस गावी गेलो. मी परतलो ते आईची भरली वांगी घेऊन. त्याने विचारलं, "कूट हाय का रं?" त्याचं उतरलेलं तोंड बघून मला कीव आली, आणि त्या नखऱ्यांचा रागही. मी म्हणालो, "न्हाई." त्याने डब्यावर वाकून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तीन भाकरी खाल्ल्या. थोड्याच वेळात त्याला श्वास घेता येईना. रिक्षात घालून नेला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून वाचला. आवाज फुटल्यावर पहिलं म्हणाला, "काकूला सांगू नको. वाईट वाटंल तिला." मी सांगितलंच. माझं कॉलेज संपेपर्यंत आईने डब्यातल्या भाजीत कूट घातलं नाही.

पुढे दहाएक वर्षांनी वारंगा फाट्यावर तो भेटला. चहा घेताना मी कबूल केलं, तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोललो होतो. तो हसला.

"ठावं व्हतं. वास आल्ता मला."

"मंग खाल्लं काहून?"

"दोन दिस पोटात काय व्हतं? म्हनलं, दोन घास खाऊ अन् थांबू. थांबताच आलं न्हाई."

मला त्याच्याकडे बघवेना. जत्रेला जाताना, हा मागे काय खाईल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. खोटं बोलल्याचं त्याने केव्हाच माफ केलंय. मला अजून सलतं ते हे.