पहिलं मॅगझिन साहेबांचं

शस्त्रागारातल्या ताईला कुणी हसताना पाहिलं असेल तर त्याने खुशाल हात वर करावा. पोलीस खात्याची पिस्तुलं झाडून बघायची, नेम तपासायचा, नोंद करायची, बावीस वर्षं हेच काम. आणि गेली तीन वर्षं डोक्यात एकच गोष्ट, सूड. उगाच गोड बोलून लपवायचं कशाला?

तीन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाचं पिस्तूल ऐन चकमकीत अडकलं. शेजारचा जोडीदार जागीच गेला, भाऊ मांडीत गोळी घेऊन परतला. चौकशीत शस्त्र विभागाच्या साहेबांनी लिहून दिलं, "शस्त्र निर्दोष. शिपायाचा हात डगमगला." झालं! नोकरी गेली आणि बराकीत नाव पडलं, लटपट्या. जोडीदाराची आई त्याला बघून रस्ता बदलायची. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडायला लागला तो तेव्हापासून.

पाणी कुठे मुरतंय ते ताईला पक्कं ठाऊक होतं. सरावाच्या गोळीचं टोक गोल, ती अलगद नळीत सरकते. ड्युटीवरची गोळी बोथट, टोकाला खळगा, म्हणजे अंगात फुलते आणि आरपार जाऊन मागच्याला लागत नाही. तीच मेली काही पिस्तुलांत अडते. साहेब मात्र चाचणी सरावाच्या गोळ्यांवर उरकायचे आणि कागदावर ठोकून द्यायचे, 'ड्युटीची गोळी, दोनशे फैरी, अडथळा नाही.' ताई तेव्हा बोलली असती तरी कोण ऐकणार होतं? बहीणच ती! बसली दातओठ खात.

यंदा चौकशीची फाइल बंद झाली आणि भावाचं तेच पिस्तूल शस्त्रागारात परत आलं. साहेबांनी या वेळी तर न झाडताच सही केली. ताईने ते वाळूच्या पिशवीवर टेकवून पंचवीस मीटरवरून झाडलं. पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. सरावाच्या दोनशे गोळ्या सुरळीत गेल्या. मग ड्युटीच्या भरल्या, तर तिसरीच अडकली. गोळ्यांचं मॅगझिन बदललं, आतली स्प्रिंग बदलली, तेल दिलं. येरे माझ्या मागल्या!

शस्त्रागाराच्या भिंतीवर एक जुना नियम टांगलेला होता, पाळत कुणीच नसे. सही करणाऱ्याने पहिलं मॅगझिन स्वतः झाडायचं, तेही ड्युटीच्या गोळ्यांचं. वार्षिक तपासणीला मुख्यालयातून मोठ्या मॅडम आल्या, तेव्हा ताईने तो खणखणीत वाचून दाखवला आणि तेच पिस्तूल साहेबांपुढे ठेवलं.

"अहो, हे आता कशाला?" साहेब म्हणाले.

"सही तुमचीच ना, साहेब? मग घाबरता कशाला?"

"झाडा की," मॅडम म्हणाल्या.

मागे कुबडी घेऊन भाऊ उभा होता. पास काढून ताईनेच त्याला ओढत आणला होता.

एक. दोन. खट्ट! साहेबांनी खटपट करून गोळी काढली, पुन्हा चाप ओढला. परत खट्ट. कपाळाला घाम फुटला.

"बाई, हे पिस्तूलच खराब आहे!" साहेब सगळ्यांदेखत ताईवर ओरडले.

ताईने शांतपणे वही उघडली. "असं कसं, साहेब? मी तुमच्याच शब्दांत लिहिते. शस्त्र निर्दोष. साहेबांचा हात डगमगला."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं आणि तीन वर्षांपूर्वीचे चाचणीचे कागद मागवले.

संध्याकाळपर्यंत बराकीत लटपट्या हे नाव साहेबांना चिकटलं होतं. घरी भावाने ते ऐकलं, उठून बसला आणि म्हणाला, "ताई, आरसा दे गं जरा. दाढी करतो. जोडीदाराच्या आईकडे जाऊन यायचंय."